बलून जरूर आणा, पण दोरी कोण धरणार ते आधी सांगा

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत आता महोत्सवांचा तुटवडा राहिलेला नाही. देवस्थानची जत्रा, शिगमो, चतुर्थी हे आपले जुनेच. त्यांच्या जोडीला पंचायतीचा महोत्सव, क्लबाचा महोत्सव, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचा महोत्सव असे नवे पीक आले आहे. स्टेज तेच, निवेदक तेच, ऑर्केस्ट्राही बहुधा तोच. मग यंदा वेगळे काय, हा प्रश्न समितीच्या पहिल्या बैठकीत निघतो आणि कुणीतरी हॉट एअर बलूनचे नाव काढतो. मोबाईलवर पुष्करचा किंवा आग्र्याचा फोटो फिरतो, सगळ्यांच्या माना डोलतात, आणि चर्चा थेट तिकीट किती ठेवायचे यावर येते.

आमचा बलूनला विरोध नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण कुठल्याही गोष्टीवर चार प्रश्न विचारले की ‘हे विकासाच्या आड येतात’ असा शिक्का मारायची सवय काही मंडळींना जडली आहे. गोव्याला बलून नवाही नाही. गेल्या दशकात पर्यटन महामंडळाच्या पुढाकाराने केपे तालुक्यातील असोल्डा येथून बलूनच्या सफरी झाल्या. ते मैदान समुद्रापासून बरेच आत आहे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पेडण्या-डिचोलीच्या माणसाने आपला गाव, आपली नदी, आपले कुळागर एकदा वरून पाहावे असे आम्हालाही वाटते. आमचा प्रश्न तयारीचा आहे. महोत्सवाची तयारी म्हणजे मांडव, माईक, फलक आणि प्रमुख पाहुणे अशी आपली समजूत झाली आहे. बलूनची तयारी त्यात बसत नाही.

राजस्थानातील बारां जिल्ह्यात काय घडले ते पाहा. जिल्ह्याचा स्थापना दिन होता. सरकारी उत्सव, क्रीडा संकुलाचे मैदान, लोकांची करमणूक म्हणून बलून. 10 एप्रिल 2025 रोजी सकाळी तो बलून एकदम वर गेला आणि त्याची दोरी सांभाळणारा कामगार दोरीबरोबर वर ओढला गेला. दोरी तुटली, तो उंचावरून खाली पडला आणि मरण पावला. तो बलूनमध्ये बसलेला प्रवासी नव्हता. त्याने तिकीट काढले नव्हते, त्याला आकाशातून काही पाहायचे नव्हते. तो जमिनीवरचा माणूस होता.

आमच्या गावांत हीच जागा कोण घेणार हे सांगायला ज्योतिषी नको. क्लबाची पोरे घेणार. मांडव तीच घालतात, गाड्यांचे पार्किंग तीच बघतात, रात्री खुर्च्याही तीच उचलतात. बलूनवाला ठेकेदार आपल्याबरोबर तीन-चार माणसे आणील आणि कमी पडली की हाक मारील, ‘अरे, जरा दोरी धरा रे!’ दहा पोरे धावतील. कौतुकाने, गंमत म्हणून, मोबाईलवर व्हिडीओ काढता काढता. त्यातले एक पोर हाताला पीळ बसावा म्हणून दोरी मनगटाभोवती गुंडाळील. बैलाचे दावे असे धरायची आपली सवयच आहे. बलूनच्या बाबतीत हीच सवय जीव घेते. दोरी मनगटाला कधीही गुंडाळायची नाही, आणि पाय जमिनीवरून सुटतोय असे वाटले की त्याच क्षणी दोरी सोडून द्यायची, हा बलून उडवणाऱ्यांचा जगभरचा पहिला धडा आहे. एक क्षण धरून ठेवले तर पुढच्या क्षणी माणूस दोन पुरुष उंचीवर असतो आणि मग सोडायची हिंमत होत नाही. हा धडा द्यायला पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे कार्यक्रमपत्रिकेत कुठे आहेत, एवढेच आम्ही विचारत आहोत.

बलून म्हणजे मोठा फुगा, त्यात काय एवढे, असे म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशेब देतो. गरम हवा हलकी असते म्हणून बलून वर जातो, हे शाळेत शिकलेले सगळ्यांना आठवत असेल. (गंमत म्हणजे ज्या पोर्तुगीज दरबाराने आपल्यावर राज्य केले, त्याच दरबारात बार्तोलोमेउ द गुस्मांव या पाद्रीने 8 ऑगस्ट 1709 रोजी राजासमोर छोटा कागदी फुगा गरम हवेवर उडवून दाखवला होता. जागा होती लिस्बनची ‘काझा दा इंदिया’, जिथून गोव्याच्या जहाजांचा आणि मिरीचा कारभार चाले. माणसे घेऊन बलून मोकळा उडाला तो त्यानंतर 74 वर्षांनी, 21 नोव्हेंबर 1783 रोजी पॅरिसमध्ये.) आता आपल्या हवेचे गणित. सुमारे 2200 घनमीटरचा बलून घेतला आणि आतली हवा 100 अंशांपर्यंत तापवली, तर बाहेर 20 अंश असताना तो ढोबळ मानाने 570 किलो उचलतो. बाहेर 30 अंश असतील तर 480. कापड, टोपली, बर्नर आणि गॅसच्या टाक्या यांचेच वजन अडीचशे-तीनशे किलो होते. उरलेल्यात पायलट आणि प्रवासी. म्हणजे थंडीच्या पहाटे जिथे पायलटसह तीन-चार माणसे जातील, तिथे आपल्या उन्हात एक-दोन माणसे कमी बसवावी लागतात. मोठा बलून आणला तरी हे प्रमाण चुकत नाही. तिकिटांचा हिशेब पुष्करच्या फोटोवरून करणाऱ्या खजिनदारांनी हे नोंदवून घ्यावे, कारण घाटा दिसू लागला की एक माणूस जास्त कोंबायचा मोह तिथेच सुरू होतो.

बलूनला सुकाणू नसते. पायलट त्याला वर नेतो आणि खाली आणतो, बस्स. दिशा वारा ठरवतो. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेने वाहतो, त्याचा उपयोग करून कसबी पायलट थोडेफार इकडेतिकडे जाऊ शकतो. पण उडालो तिथेच उतरीन असे कुणी सांगत असेल तर तो थाप मारतो आहे.

म्हणून वाऱ्याकडे या. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे वारा सह्याद्रीकडून समुद्राकडे वाहतो आणि दुपारनंतर समुद्राकडून आत येतो. रापणकाराला हे सांगावे लागत नाही. आता हरमल, मांद्रे, मोरजी किंवा केरीच्या किनाऱ्यावर महोत्सव आहे असे समजा. पहाटे बलून सोडला तर तो अरबी समुद्रावर जाणार. संध्याकाळी सोडला तर आत, म्हणजे जिकडे मोपाचे पठार आहे त्या अंगाला येणार. 5 जानेवारी 2023 पासून मोपावर विमाने उतरत आहेत. पेडणे तालुक्याचे आकाश आता पूर्वीसारखे मोकळे नाही, हे आम्हा पेडणेकरांना खिडकीतून रोज ऐकू येते. तेव्हा किनाऱ्यावर मोकळा उडणारा बलून हा विषयच समितीने डोक्यातून काढावा. तालुक्याच्या इतर भागांत करायचा असेल तर विमानतळाच्या हवाई वाहतूक नियंत्रणाची लेखी परवानगी लागेल, आणि ती बलून येऊन मैदानात पसरल्यावर मागायची नसते.

परवान्यांचेही एकदा स्पष्ट व्हावे. पंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजे उडायचा परवाना नव्हे. सरपंचांच्या शिक्क्याला आमच्या लेखी मोठा मान आहे, पण तो शिक्का जमिनीपुरता. आकाशासाठी नागरी उड्डाण महासंचालनालय आहे. बलूनची नोंदणी झालेली असावी लागते, तो उड्डाणायोग्य असल्याचा दाखला लागतो, आणि पायलटकडे बलूनचाच परवाना लागतो. हे कागद समितीने स्वतः पाहावेत, त्यांची प्रत ठेवावी. ‘आमचे सगळे असते हो, गेल्या महिन्यातच अमक्या ठिकाणी केले’ या उत्तरावर समाधान मानू नये.

हे आम्ही का म्हणतो? 18 जानेवारी 2025 रोजी आपल्याच तालुक्यात, केरीच्या पठारावरून उडालेले पॅराग्लायडर दरीत कोसळले. पुण्याहून आलेली तरुणी आणि तिला घेऊन उडालेला नेपाळचा प्रशिक्षक, दोघेही पंचविशीतले, दोघेही गेले. गुन्हा नोंद झाला, खात्यांनी हालचाली केल्या, परवाने कुणाकडे होते आणि कुणाकडे नव्हते याची चौकशी सुरू झाली. सगळे नंतर. त्याच वर्षी मे महिन्यात डिचोली तालुक्यात शिरगावला लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविक मरण पावले, तेव्हाही सत्यशोधन समिती नेमली गेली. तीही नंतरच. दोन्ही तालुक्यांनी एकाच वर्षात एवढे पाहिल्यावर ‘काही होत नाही रे’ हे वाक्य तरी आता बैठकांतून बंद व्हायला हवे.

डिचोली तालुका समुद्रापासून आत असल्याने बलूनला त्यातल्या त्यात सोयीचा, असे काही जण म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण इथल्या अडचणी वेगळ्या. मयें, नार्वे, साखळी, कुडणे या भागात मोकळी सपाट जागा म्हणजे शेते, आणि शेतांच्या कडेने विजेच्या तारा. त्यापलीकडे माडा-पोफळींची कुळागरे, काजूच्या बागा, आणि खाणींनी मागे ठेवलेले पाण्याने भरलेले खंदक. बलूनला सर्वांत मोठे भय तारांचे. न्यूझीलंडमध्ये कार्टर्टन येथे 7 जानेवारी 2012 रोजी बलून विजेच्या तारेत अडकून पेटला, 11 माणसे गेली. अमेरिकेत टेक्सासमधील लॉकहार्टजवळ 30 जुलै 2016 रोजी तेच झाले, 16 माणसे गेली. दोन्ही देश आपल्यापेक्षा शिस्तीचे समजले जातात. तेव्हा मैदान ठरवताना आयोजकांबरोबर वीज खात्याचा लाईनमन असला पाहिजे. आपल्या भागातली कुठली तार कुठून जाते हे त्याच्याइतके कुणाला माहीत नसते. आणि फक्त मैदान पाहून भागत नाही, वारा ज्या दिशेला नेईल त्या बाजूचे पाच-सात किलोमीटर पाहावे लागतात.

त्या पाच-सात किलोमीटरांत आपला शेतकरी आहे. बलूनचा मोसम आणि वायंगणाचा मोसम एकच. भात पोटरीला आलेले असते, तेव्हाच हा पाहुणा कुणाच्या तरी शेतात उतरणार. टोपली जेवढी जागा मोडते तेवढ्याने फार नुकसान होत नाही. नुकसान करते ती मागून धावत येणारी जीप आणि तिच्यामागून आलेला शंभर माणसांचा घोळका. बांध तुटतो, पाणी वाहून जाते. गोठ्यातली गुरे बर्नरच्या आवाजाने दावे तोडतात ते वेगळे. तिकीट पाहुण्याचे, पैसे ठेकेदाराचे, फोटो पुढाऱ्याचा आणि मोडलेले भात शेतकऱ्याचे, हा व्यवहार आम्हाला मान्य नाही. उतरण्याच्या संभाव्य भागातील शेतकऱ्यांना आधी कळवावे, भरपाईची रक्कम आधी ठरवावी आणि ती समितीकडे आगाऊ जमा असावी. शेतकऱ्याने नंतर मामलेदार कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्यात अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

यावर उत्तर तयार असते. आम्ही मोकळा सोडणारच नाही, दोऱ्यांनी बांधून पन्नास-शंभर फूट वर नेऊ आणि खाली आणू. ठीक. पण बांधलेला बलून म्हणजे बिनधोक बलून हा गैरसमज आहे. मोकळा बलून वाऱ्याबरोबर जातो, म्हणून आतल्या माणसाला वारा लागतसुद्धा नाही. बांधलेल्या बलूनला वारा थडाथड लागतो, तो आडवा होतो, दोऱ्यांवर ताण येतो. त्यामुळे बांधून उडवायला वारा आणखी कमी लागतो. दोऱ्या जड गाड्यांना बांधायच्या असतात, माणसांच्या हाताला नाही. बारांचा प्रसंग मैदानावरचाच होता, हे विसरू नये.

आता जरा नाजूक विषय, प्रमुख पाहुण्यांचा. बलून उडवायची वेळ म्हणजे सूर्योदयानंतरचे दोन तास, नाहीतर सूर्यास्तापूर्वीचे. ऊन तापले की जमिनीवरून गरम हवेचे लोट उठतात आणि वारा वाढतो. आमच्याकडे उद्घाटनाची वेळ छापलेली असते साडेनऊची, मंत्रीमहोदय येतात साडेदहाला, आणि दीपप्रज्वलन व भाषणे होईपर्यंत बारा वाजतात. मग एवढा खर्च केला आहे तर पाहुण्यांना एकदा तरी वर नेऊन आणा, असा आग्रह सुरू होतो. पायलट परगावचा, त्याचे बिल अजून निघायचे असते. तो कितीदा नाही म्हणेल?

मध्य प्रदेशात मंदसौर जिल्ह्यातील गांधीसागर येथे 13 सप्टेंबर 2025 रोजी खुद्द मुख्यमंत्री बलूनमध्ये चढले होते. वारा ताशी 20 किलोमीटरच्या आसपास. बलून उठलाच नाही, आडवा झाला आणि खालच्या भागाला आग लागली. कर्मचाऱ्यांनी ती विझवली, सुरक्षारक्षकांनी ट्रॉली धरून ठेवली, कुणाला इजा झाली नाही. सुरक्षेत चूक नव्हती असा खुलासा प्रशासनाने नंतर केला. असेलही तसे. पण मुख्यमंत्र्यांभोवती अग्निशामक आणि अंगरक्षकांचा ताफा असतो. आमच्या क्लबाच्या पोरांभोवती कोण असणार? आमचे सांगणे असे की मंत्र्यांनी यायचे तर पहाटे सहाला यावे, आणि उशीर झाला तर मैदानावरून हात हलवावा. मत मागायला पहाटे दारात येणारे पुढारी आम्ही पाहिले आहेत, तेव्हा पहाटे उठणे त्यांना जड जाईल असे वाटत नाही.

आगीवरून आणखी एक. बलूनच्या टोपलीत गॅसच्या टाक्या असतात आणि आपल्या उत्सवांत दारूकाम असते. दोन्ही एका मैदानावर, एका दिवशी नकोत. देवाच्या नावाने सोडलेला फटाकासुद्धा कापडाला भोक पाडतो.

प्रवाशांच्या तयारीबद्दल बोलणारे फार थोडे आढळतात. टोपलीला दार नसते. बाजूच्या भोकांत पाय घालून चढायचे आणि काठावरून आत उतरायचे. काठ मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत येतो, म्हणजे लहान मुलाला आत काहीच दिसत नाही आणि उतरताना धरायला आधारही राहत नाही. जत्रेला येणारी आमची आई-मावशी नऊवारी किंवा सहावारीत असते, पायात चप्पल. तिला तिकीट विकण्यापूर्वी हे सांगायला नको काय? सुती कपडे, बंद बूट, केस बांधलेले, ओढणी लोंबती नाही, कारण बर्नर डोक्यावरच असतो. गुडघ्याचे दुखणे, हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण, यांनी खालूनच पाहावे. उतरताना गुडघे थोडे वाकवून, आतली दोरी दोन्ही हातांनी धरून, जाण्याच्या दिशेकडे पाठ करून उभे राहायचे. टोपली आपटते, कधी आडवी पडून फरफटते. आणि पायलटने सांगितल्याशिवाय कुणीही बाहेर उडी मारायची नाही, कारण एक माणूस उतरला की वजन कमी होऊन उरलेल्यांना घेऊन बलून पुन्हा वर उठतो.

हे सारे कुठल्या भाषेत सांगणार? इतर राज्यांत बलूनच्या सूचना हिंदी-इंग्रजीत होतात, पर्यटकांना त्या पुरतात. पण गावच्या महोत्सवात बसणारा माणूस गावचा. 1987 च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीच्या वापराची तरतूद आहे, यावरून आपण चार दशके भांडलो. त्या वादात आज शिरत नाही. ‘गुडघे वाकवा, दोरी घट्ट धरा’ हे वाक्य मराठीतून आणि कोकणीतून मोठ्याने सांगणारा एक माणूस टोपलीपाशी उभा असावा आणि तिकिटाच्या मागे तेच छापलेले असावे, एवढी आमची मागणी आहे.

ठेकेदाराशी करार करताना आणखी एक कलम घालता येईल. दोरी धरायला आणि मागून जीपने जायला जी स्थानिक पोरे लागतील त्यांची नावे आधी लिहावीत, आदल्या दिवशी त्यांना पायलटने स्वतः शिकवावे, त्यांचा विमा उतरवावा आणि त्यांना मजुरी द्यावी. यादीबाहेरच्या माणसाने दोरीला हात लावायचा नाही, मग तो पंचाचा मुलगा का असेना. यातूनच एखादे पोर पुढे परवाना काढून पायलट झाले तर महोत्सवाचा खर्च सत्कारणी लागेल. मोपासाठी जमिनी देताना पेडण्याच्या तरुणांना आकाशातल्या नोकऱ्यांची स्वप्ने दाखवली गेली. त्यातली किती उतरली याचा हिशेब आम्ही वेगळ्या लेखात मांडू.

पावसाळा संपला की ऑक्टोबरात ग्रामसभा होतात आणि महोत्सवांचे अर्ज त्याच सुमारास पंचायतीत येऊ लागतात. ज्या अर्जात बलून असेल त्याच्यासोबत परवान्यांच्या प्रती, मैदानाचा तारांसकट नकाशा, दोरी धरणाऱ्यांची यादी आणि शेतकऱ्यांची अनामत जोडलेली आहे काय, हे आमच्या सभासदांनी उभे राहून विचारावे. उडायचे की नाही याचा शेवटचा शब्द पायलटचा राहील आणि त्यासाठी त्याचे मानधन कापले जाणार नाही, हा ठराव इतिवृत्तात घालून घ्यावा. उड्डाण रद्द झाले तर तिकिटाचे पैसे त्याच दिवशी, त्याच मैदानावर परत मिळावेत. आणि निमंत्रणपत्रिकेवर ‘वारा अनुकूल असल्यासच’ ही ओळ छापावी, प्रमुख पाहुण्यांचे नाव ज्या आकाराच्या अक्षरांत असेल त्याच आकारात.